व्याह्यांसमोर खेचर

“आम्ही? अहो, आम्ही तर कित्येक वर्षं तंबूत राहतोय,” असं ॲल्विन क्लिंगर फोनवर म्हणाला, तेव्हा त्याची बायको नेडा समोर बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. तिने हातातला मोजा मांडीवर ठेवला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांच्या सबंध संसारात ती दोघं उघड्यावर झोपल्याचा एकच प्रसंग होता. केंटकीला जाताना कुठल्याच मोटेलात खोली मिळाली नाही म्हणून त्यांनी पेट्रोल पंपामागे गाडीत रात्र काढली होती, आणि त्या रात्री ॲल्विनची मान जी डावीकडे वळली ती पुढचा आठवडाभर सरळ व्हायला तयार नव्हती.

“तेही एक प्रकारचं कँपिंगच,” फोन ठेवल्यावर ॲल्विन म्हणाला.

“कुणाचा फोन होता?”

“हॉलिस गँटचा. आपले होणारे व्याही. ऑक्टोबरात दोन दिवस फोर्ट टॅलमनला नदीकाठी तंबू टाकून राहू या म्हणतायत. ते दोघं, आपण दोघं आणि पोरं. म्हणजे नीट ओळख होईल.”

“ओळख घरी जेवायला बोलावूनही होते.”

“नेडा, ती मोकळ्या हवेतली माणसं आहेत. त्यांना भिंती सोसत नाहीत.”

हे तो हसत म्हणाला खरा, पण त्याच्या मनात एक काटा होता. त्यांची एकुलती एक मुलगी टेसा कोलंबसला इस्पितळात नोकरी करायची, आणि तिचं लग्न ब्रॅम गँटशी ठरलं होतं. हा ब्रॅम चांगला होता, याबद्दल ॲल्विनची तक्रार नव्हती. तक्रार त्याच्या बापाबद्दल होती. हॉलिस म्हणे स्वतःच्या हाताने होडी बांधतो. त्याची बायको जुनेटा मधमाश्या पाळते. दोघं बर्फात मासे धरतात. टेसाच्या प्रत्येक फोनमध्ये गँटांचं काहीतरी नवीन निघायचं, आणि मागच्या महिन्यात ती सहज बोलून गेली, “रविवारी आम्ही घरी गेलो होतो.” ॲल्विनला वाटलं, आपल्याला कसं कळलं नाही. आपण तर रविवारी घरीच होतो. मग त्याच्या लक्षात आलं की हे घर म्हणजे गँटांचं घर.

तेव्हापासून तो हॉलिसच्या तोडीस तोड काहीतरी करून दाखवायची संधी शोधत होता, आणि ती आता फोनवरून चालत आली होती.

ॲल्विन जिल्ह्याच्या कचेरीत बांधकाम परवान्यांचा अधिकारी होता. पायरी किती उंच असावी, कठडा किती असावा, शेड कुंपणापासून किती लांब असावी, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. तो गल्लीतून फिरायला निघाला की लोक शिडी आडवी करून गवतात टाकत. त्यामुळे कँपिंगची त्याला मुळीच धास्ती वाटली नाही. “तंबू म्हणजे काय?” तो नेडाला म्हणाला. “तात्पुरतं बांधकाम. आणि तात्पुरत्या बांधकामाबद्दल मला कोण शिकवणार?”

शिकवणारे निघाले. शेजारच्या ड्वाइटला बातमी लागायला दोन दिवसही लागले नाहीत. ड्वाइटच्या गॅरेजमध्ये जगातली प्रत्येक वस्तू होती, आणि त्यातली एकही देताना तो व्याख्यान दिल्याशिवाय राहत नसे. त्याने खाकी कापडाचं एक गाठोडं दोघांनी मिळून उचलावं लागेल एवढं बाहेर काढलं.

“हा माझ्या मेव्हण्याचा तंबू. पलटणीतून सुटताना आणलेला. त्याला दोन बायका सोडून गेल्या, पण हा तंबू त्याला सोडून गेला नाही.”

“मग त्याने तुला का दिला?”

“तिसरी म्हणाली, एक तर तंबू नाहीतर मी. हे बघ ॲल्विन, तंबूभोवती चर खणायचा. पाऊस आला तर पाणी त्यातून जातं.”

“पाऊस सांगितलेला नाही.”

“मग दव जाईल. पण खण.”

समोरच्या घरातून कुणी सांगितलं की रात्री खाणं चोरायला रॅकून येतात, तर तंबूभोवती नवसागराचं पाणी शिंपड. कोपऱ्यावरच्यांनी सांगितलं, चुकूनही शिंपडू नकोस, त्या वासाने अस्वल येतं. ओहायोच्या त्या भागात कैक पिढ्यांत कुणी अस्वल पाहिलं नव्हतं, पण सांगणाऱ्याचा सूर इतका ठाम होता की ॲल्विनने दोन्ही सल्ले मनात लिहून ठेवले आणि नवसागराची बाटली घेतली, पण बूच घट्ट लावून.

सराव म्हणून त्याने तंबू घरासमोरच्या हिरवळीवर उभा केला, कारण मागच्या अंगणात नेडाचे टोमॅटो होते. तंबू उभा राहायला सबंध शनिवार गेला. राहिला तेव्हा तो घराहून थोडासाच लहान दिसत होता. ॲल्विन त्याच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करू लागला. सोमवारी कुणीतरी तक्रार केली. मंगळवारी दारावर नोटीस लागली: दर्शनी अंगणात विनापरवाना तात्पुरतं बांधकाम, चोवीस तासांत काढून टाकावं. नोटीस त्याच्याच कचेरीची होती आणि तिच्याखाली त्याचीच छापील सही होती.

दुसऱ्या कुणाला राग आला असता. ॲल्विनने नोटीस दोनदा वाचली. मजकूर नेमका होता, एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. हा मजकूर त्यानेच बारा वर्षांपूर्वी लिहिला होता. “बघ,” तो नेडाला म्हणाला, “पळवाटच ठेवलेली नाही.” आणि संध्याकाळच्या आत त्याने तंबू उतरवला.

जागा राखून ठेवण्याचं कामही त्याने असंच शांतपणे केलं. उद्यानाच्या फोनवर एक बाई होती.

“त्या आठवड्यात जुन्या काळाचा उत्सव आहे, सर. सगळ्या जागा गेल्या. घोडेवाल्यांच्या बाजूला एकच शिल्लक आहे. तुमच्याकडे घोडा आहे ना?”

“त्याची सोय होईल,” ॲल्विन म्हणाला.

यात आपण काही खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही. त्याच्या कचेरीत जी गोष्ट लेखी विचारली नाही ती विचारलीच नाही असं धरत. फोनवरचा घोडा त्याने चौकशीपुरता धरला होता, जसं आपण कुणाला तब्येत विचारतो.

फोर्ट टॅलमन हे नदीच्या वळणावरचं एक निवांत उद्यान होतं. सायकमोरची जुनी झाडं, पाण्यावर वाकलेली, आणि मधोमध ओंडक्यांचा किल्ला, जुन्या जागेवर नव्याने बांधलेला. दोनशे वर्षांपूर्वी वसाहतीची सरहद्द इथे संपत होती. किल्ल्यात कॅप्टन टॅलमन शंभर माणसं घेऊन हल्ल्याची वाट पाहत चार वर्षं बसला होता. हल्ला झाला नाही. शॉनी या इथल्या मूळ रहिवाशांना नदी ओलांडायला दोन मैलांवर चांगली उथळ जागा ठाऊक होती, आणि या किल्ल्यापाशी येण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं. कॅप्टनने त्या चार वर्षांत सरकारकडे फक्त बूट मागितले. बूट आले तेव्हा किल्ला सोडण्याचा हुकूमही त्याच गाडीतून आला. ही हकिगत दारातल्या पाटीवर सविस्तर होती. ॲल्विनने ती उभं राहून वाचली आणि त्याला कॅप्टनबद्दल आपुलकी वाटली.

फाटकापाशी लोरेटा नावाची तरुण वनरक्षक होती. टोपी सरळ, गणवेशाला इस्त्री. तिने आधी गाडीच्या मागे पाहिलं.

“हे लाकूड कुठलं, सर?”

“माझ्या परसातलं. ॲशचं झाड होतं. मी स्वतः फोडलंय,” ॲल्विन म्हणाला. हे ‘स्वतः’ तो हॉलिससाठी घोकून आला होता.

“दुसऱ्या जिल्ह्यातलं लाकूड आत नेता येत नाही. सालीतून कीड येते. इथे ठेवा, आम्ही जाळून टाकू.”

“पण जाळायलाच तर आणलंय.”

“तुम्ही नाही, आम्ही जाळणार.”

नियम बरोबर होता. या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं, कदाचित एवढ्या हसतमुखाने नाही. लाकूड उतरलं.

“आणि घोडा कुठे आहे?” लोरेटाने विचारलं.

“कुठला घोडा?”

“तुमची जागा घोडेवाल्यांची आहे. सूर्यास्तापर्यंत खुंट्याला जनावर बांधलेलं दिसलं नाही तर जागा रद्द.”

“मी पैसे भरलेत.”

“घोड्याच्या जागेचे भरलेत.”

“घोडा आजारी आहे असं समजा.”

“मग तुम्ही त्याच्याजवळ घरी असायला हवं, सर.”

नेडा गाडीत बसून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिला काहीच शोधायचं नव्हतं. ती हसत होती, आणि नवऱ्याला ते दिसू नये एवढा मान ती नेहमी राखत असे. ॲल्विनपुढे मात्र चित्र स्पष्ट होतं. तासाभरात गँट मंडळी येणार, आणि आपण फाटकातून परत फिरताना त्यांना समोरासमोर भेटणार.

तेवढ्यात कार्यालयाच्या आतून आवाज चढला. हरणाच्या कातड्याचा झालरीझालरीचा सदरा आणि केसाळ टोपी घातलेला एक माणूस हुज्जत घालत होता. “माझं खेचर मी कुठे बांधू? मुख्य तळावर जनावर चालत नाही म्हणता, घोडेवाल्यांची शेवटची जागा कुणीतरी पळवली म्हणता. उद्या नदी ओलांडायचा कार्यक्रम माझा आहे.”

हा इमेट स्लोकम. एरवी तो दाताचा डॉक्टर, पण वर्षातून काही दिवस दोनशे वर्षं मागे जाऊन राहायचा. ॲल्विनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लोरेटाकडे.

“नियमात घोडाच लिहिलंय की जनावर?” त्याने विचारलं.

“घोडा, खेचर किंवा गाढव,” लोरेटा म्हणाली.

“मालकीचं हवं असं लिहिलंय?”

लोरेटाने पुस्तिका उघडली, वाचली, आणि पहिल्यांदाच थोडी नाराज दिसली. “नाही.”

ॲल्विनला त्या दिवसात पहिल्यांदा आपल्या घरात आल्यासारखं वाटलं. इमेटशी सौदा चटकन जमला. खेचर दोन दिवस ॲल्विनच्या खुंट्याला राहील. बदल्यात उद्या सकाळी ॲल्विनने वसाहतकऱ्याचे कपडे घालून खेचराला नदी ओलांडून न्यायचं, कारण इमेटला काठावर उभं राहून ध्वनिक्षेपकावर इतिहास सांगायचा होता.

“खेचर शहाणं आहे ना?” ॲल्विनने विचारलं.

“प्रूडन्स? माझ्या बायकोहून शहाणी. तिला काहीच सांगावं लागत नाही.”

हे वाक्य दोन तऱ्हांनी घेता येतं, हे ॲल्विनच्या लक्षात यायला सकाळ उजाडावी लागली.

तंबू निम्मा उभा होता, ड्वाइटने सांगितलेला चर गुडघाभर खणून झाला होता आणि लोरेटाने येऊन तो बुजवायला लावला होता (जमीन ऐतिहासिक, खणायला मनाई), तेव्हा गँट मंडळी टेकाड चढून आली. हॉलिस उंच, हातापायाने मोठा, बोलायला कमी. जुनेटा बुटकी, टोपलीत मधाच्या बाटल्या. मागे ब्रॅम आणि टेसा. चौघंही खुंट्यापाशी थांबली. खुंट्याला करड्या रंगाची, लांब कानांची प्रूडन्स उभी होती आणि तंबूची खिडकी खात होती.

“तुम्ही खेचर पाळता, हे टेसा कधी बोलली नाही,” हॉलिस म्हणाला.

“ती घरचं फारसं सांगत नाही,” ॲल्विन म्हणाला.

टेसाने बापाकडे पाहिलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांच्या गाण्यात त्याने एकट्याने वरचा सूर लावला होता, तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता. ब्रॅम काही विचारणार होता, तर तिने त्याच्या पायावर पाय दिला.

“आणि ती खिडकी?” जुनेटाने विचारलं.

“हवा खेळती राहते.”

जेवण छान झालं. जुनेटाने शेगडीवर घेवड्याची तिखट उसळ आणि मक्याची भाकरी केली, नेडाने घरी भाजलेला ॲपल पाय आणला होता. गंमत अशी की हॉलिस ॲल्विनशी फार जपून बोलत होता. स्वतःच्या होडीचा विषय त्याने काढला नाही. घराचा तर नाहीच. ॲल्विनने दोनदा विचारलं, “घर कसं आहे तुमचं? टेसा फार सांगते,” तर हॉलिसने दोन्ही वेळा उठून शेकोटीत लाकूड घातलं. ॲल्विनने त्याचा अर्थ असा लावला की खेचरामुळे माणूस दबला. त्या आनंदात तो आणखी पुढे गेला. खेचराच्या स्वभावावर, त्याच्या चाऱ्यावर, त्याला रात्री कसं बांधावं यावर तो बराच वेळ बोलला. हॉलिस मान हलवत राहिला. नेडा ताटं धुवायला उठली आणि पाणी दूर असूनही तिने कुणाला बरोबर घेतलं नाही.

सकाळी इमेटने कपडे आणले. विजार गुडघ्याखाली जेमतेम पोचत होती, टोपी कानांवर बसत होती आणि सदऱ्याला मागच्या वर्षीच्या वसाहतकऱ्याचा वास होता. प्रूडन्सच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, एक चरखा आणि पिंजऱ्यात खोटी कोंबडी बांधली. काठावर दोनेकशे माणसं जमली होती, मुलंबाळं, घडीच्या खुर्च्या, गरम सफरचंदाचा रस. ॲल्विनने दोरी हातात घेतली. त्याला जराही भीती वाटत नव्हती. नदी मांडीएवढी, पात्र दगडगोट्यांचं, पलीकडे झेंडा लावलेला. बघता बघता पोचू, असं त्याने ठरवलं, आणि पाण्यात पाय टाकला.

पाणी किती थंड होतं हे सांगण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरात नदीत उतरलेल्याला ते सांगावं लागत नाही आणि न उतरलेल्याला पटत नाही. ॲल्विनने चेहरा हलू दिला नाही. “आणि अशा रीतीने,” इमेटचा आवाज कर्ण्यातून आला, “आपले धीराचे पूर्वज अज्ञात प्रदेशाकडे निघाले.” पूर्वज बरोबर नदीच्या मध्यापर्यंत गेले. तिथे प्रूडन्स थांबली.

ॲल्विनने दोरी ओढली. प्रूडन्सने त्याच्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता, घाईही नव्हती. त्याने पुन्हा ओढली. तो पुढे जाऊन ओढून आला, मागे जाऊन ढकलून आला, कानात दोन शब्द बोलून आला. चरखा हळूच एका बाजूला कलला. काठावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हे कार्यक्रमातलंच आहे.

इमेट बोलत राहिला. कॅप्टन टॅलमन झाला, बूट झाले, हुकूम झाला. प्रूडन्स जागची हलली नाही. इतिहास संपल्यावर इमेटने नाइलाजाने वसाहतकऱ्यांचे दात हा विषय घेतला, आणि त्यात मात्र तो रंगला. दाढ कशी उपटायचे, कोण कुणाला धरायचं, याचं वर्णन ऐकून काही आया मुलांना घेऊन उठल्या.

मग पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला. हॉलिस गँट होता. आपल्या रोजच्या कपड्यांत, बुटांसकट, शांतपणे चालत तो मध्यापर्यंत आला आणि प्रूडन्सच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. तिच्या पाठीवरून दोघं व्याही एकमेकांकडे पाहू लागले.

“ढकलू या?” ॲल्विनने विचारलं.

“नको. अशा वेळी ढकलून उपयोग नसतो. तिला वाटेल तेव्हा जाईल.” त्याने दोरीकडे पाहिलं. “ॲल्विन, हे खेचर तुमचं नाही ना?”

“नाही.”

“वाटलंच. कालपासून तुम्ही तिच्या पुढे उभं राहून ओढताय. खेचराच्या बाजूने चालतात.”

“मग काल का नाही बोललात?”

“जुनेटाने बजावलं होतं. म्हणाली, मुलीचा बाप आहे, त्याला हवं तिथे उभा राहील.”

ॲल्विनच्या अंगावर काटा आला, तो नुसत्या पाण्याने आला असं म्हणता येणार नाही. रात्रभर जो आब त्याने बांधला होता तो पाण्याबरोबर खाली निघून गेला होता, आणि नवल म्हणजे त्याच्यामागे धावावंसं ॲल्विनला वाटलं नाही.

“मी कधीच तंबूत राहिलेलो नाही,” तो म्हणाला. “एकदा गाडीत झोपलो होतो.”

“तंबूत मलाही झोप येत नाही,” हॉलिस म्हणाला. “पाठ धरते.”

“मग इथे का बोलावलंत? सरळ घरी बोलवायचं.”

हॉलिसने प्रूडन्सच्या मानेवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

“घरी बोलावता येत नव्हतं,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी मी मागे पडवी बांधली. परवाना काढला नाही. मग ब्रॅम येऊन सांगतो, टेसाचे वडील आपल्याच जिल्ह्याच्या परवान्यांचे साहेब आहेत.”

ॲल्विनच्या आत बसलेला अधिकारी मांडीभर पाण्यातही जागा झाला.

“किती मोठी?”

“चौदा बाय बावीस.”

“जमिनीपासून?”

“ओढ्याच्या बाजूने आठ फूट असेल.”

“कठडा?”

“लावायचा राहिलाय.”

ॲल्विनने डोळे मिटले. “टेसा तिथे बसते?”

“दर रविवारी. कडेला पाय सोडून बसते. आवडती जागा आहे तिची.”

“या रविवारपासून तिला आत बसवा, हॉलिस.” मग त्याने डोळे उघडले, आणि जे विचारायचं नाही असं त्याने पक्कं ठरवलं होतं तेच त्याच्या तोंडून निघालं. “ती तुमच्या घराला घर म्हणते.”

“असं?” हॉलिस म्हणाला. त्याने दुसरीकडे पाहिलं. “आमचा ब्रॅम तुमच्याकडे जेवून आला की चार दिवस नेडाच्या नूडल्सच्या सुपाशिवाय दुसरं बोलत नाही. जुनेटाने थँक्सगिव्हिंगपासून सूप करणंच सोडलंय.”

नदी दोघांच्या मांड्यांशी घासून जात होती. काठावर इमेट सोन्याच्या दातांपर्यंत आला होता. आणि काठावरच्या गर्दीतून नेडाचा आवाज आला, मोठा नव्हे, पण तीस वर्षं घरात चालत आलेला.

“ॲल्विन. बाहेर ये. सर्दी होईल.”

प्रूडन्सने कान उभे केले आणि चालू लागली. पुढे नव्हे, मागे, नेडाच्या दिशेने. दोरी ॲल्विनच्या मनगटाला गुंडाळलेली होती, त्यामुळे तोही वळला, पण पायांनी थोडं मागाहून, आणि मधलं अंतर त्याने पोटावर कापलं. चरखा खाली गेला. कोंबडी वाहत गेली. वसाहतकऱ्यांची पहिली तुकडी, असं इमेटने काठावर जाहीर केलं, परत फिरली.

टेसा पाण्यात धावत आली. घोंगडी तिने आधीच हातात घेतली होती, म्हणजे तिला अंदाज होता. तिने बापाला उभं केलं, त्याच्या डोक्यावरची टोपी पिळली.

“बाबा, कुणासाठी चाललं होतं हे सगळं?”

“काल जेवताना छान वाटत होतं ना तुला?”

“मला काल कुठे लपू असं झालं होतं. तू चाऱ्याबद्दल बोलत होतास तेव्हा तर ब्रॅम मला चिमटे काढत होता.” ती हसत होती, आणि घोंगडी त्याच्या गळ्याशी घट्ट धरत होती. “दुसऱ्या कुणाच्या वडिलांना खेचर आणायचं सुचलं नसतं.”

“मला तरी कुठे सुचलं. नियमात होतं.”

नोव्हेंबरात ॲल्विन गँटांच्या घरी गेला. पाहुणा म्हणून नव्हे, रीतसर, कचेरीच्या गाडीतून, फीत आणि पाणसळ घेऊन. पडवी त्याने दोन तास तपासली. काम मजबूत होतं हे त्याला कबूल करावं लागलं, पण कठडा नव्हता आणि पायऱ्या एका मापाच्या नव्हत्या. हॉलिसने परवान्याचा अर्ज भरला. ॲल्विनने तो परत पाठवला, कारण सही चुकीच्या रकान्यात होती. दुसरा परत पाठवला, कारण नकाशात उत्तर दिशा दाखवली नव्हती. जुनेटाने फोन करून विचारलं की हा माणूस आपला व्याही होणार आहे की नाही. “तो होणारच आहे,” ॲल्विन म्हणाला, “पण उत्तर दिशा दाखवायला हवी.” कठडा मात्र त्याने हॉलिसबरोबर उभं राहून लावला, तीन रविवार. हॉलिस ठोकायचा आणि ॲल्विन पाणसळ धरायचा, आणि चौथ्या रविवारी काही काम उरलं नव्हतं तरी तो गेला.

लग्न मे महिन्यात त्याच पडवीवर करायचं ठरलं. पडवीवर एका वेळी चाळीस माणसं चालतील, असा दाखला ॲल्विनने स्वतः दिला होता आणि तो काचेच्या चौकटीत दाराशी लावला होता. त्यामुळे लग्नाच्या दिवशी तो पायरीपाशी उभा राहून पाहुणे मोजून वर सोडत होता. ड्वाइटला त्याने थेट गवतावर बसवलं, कारण ड्वाइट खांब ठोकून बघत होता. पाद्री, वादक, आत्या, मावश्या, जुनेटाच्या बहिणी, सगळे धरून अडतीस झाले आणि त्याने पायरी बंद केली. नवरी आणि तिला घेऊन येणारा तो स्वतः, एवढीच जागा ठेवली.

मग आतून उशिरा, केस विंचरत ब्रॅमचा एक मामा आला आणि मागच्या दाराने सरळ पडवीवर जाऊन बसला.

वादकाने सूर धरला. टेसा पांढऱ्या कपड्यात आली आणि तिने बापाचा हात धरला. दोघं पायऱ्या चढली. शेवटच्या पायरीवर ॲल्विन थांबला. त्याचे ओठ हलत होते.

“बाबा, काय झालं?” टेसा हळूच म्हणाली.

“एक जास्त होतोय.”

पाहुणे वळून पाहू लागले. पाद्र्याने पुस्तक मिटलं. टेसाने आधी बापाकडे पाहिलं, मग काचेतल्या दाखल्याकडे, आणि तिला हसू की रडू कळेना. नेडाने पर्स उघडली.

पुढच्या रांगेतून हॉलिस गँट उठला. त्याने काही विचारलं नाही. टोपी उचलली, नव्या कठड्याच्या कडेने चालत तो पायऱ्या उतरला आणि खाली गवतात ड्वाइटच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

“मला इथून नीट दिसतंय, ॲल्विन,” तो म्हणाला. “तू तिला घेऊन जा.”

ॲल्विनने मान डोलावली, मनाशी एकदा मोजून घेतलं, आणि मुलीला घेऊन पडवीवर पाय टाकला.